सशाची पिल्लं दरवेळी मरतात? आधी सांगा, कितव्या दिवशी गेली

गेल्या दोन महिन्यात ओळखीतल्या चार जणांनी मला एकच विचारलं, ताई मादी व्याली पण पिल्लं राहिली नाहीत, दुसऱ्यांदा पण तेच झालं, आता काय करावं. मी सगळ्यांना उलटं एकच विचारते, कितव्या दिवशी गेली? आणि तेच नेमकं कोणाला सांगता येत नाही. कोणी म्हणतं दोन-तीन दिवसात, कोणी म्हणतं सकाळी बघितलं तर नव्हतीच. अहो पण सगळं उत्तर त्या दिवसातच आहे. व्याल्या रात्री गेलेलं पिल्लू, तिसऱ्या दिवशी गेलेलं पिल्लू आणि दीड महिन्याचं होऊन गेलेलं पिल्लू, तिन्हीची कारणं वेगळी आणि तिन्हीचे उपाय पण वेगळे. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते, मोठं होईल पण वाचा.

आम्ही सेलूला राहतो, परभणी जिल्हा. घरात दोन माद्या आहेत, कापशी आणि बदामी, आणि एक नर, गब्ब्या. मुलाच्या हट्टापायी आणले होते, आता घरात सगळ्यात जास्त जीव माझाच लागलाय त्यांच्यात. पहिल्या वर्षी माझी तीन वेतं गेली. तिसऱ्यांदा तर मी ठरवलं होतं की आता पुरे, द्यायचे कोणाला तरी. पण मग मी कॅलेंडरवर लिहायला लागले आणि तिथून फरक पडायला लागला.

लिहायचं काय तर नर लागला ती तारीख. बास. ससा ३१ दिवसात वितो, एखादा दिवस इकडं तिकडं. समजा ५ नोव्हेंबरला नर दाखवला तर २८वा दिवस ३ डिसेंबर, त्या दिवशी विण्याचं खोकं ठेवायचं, आणि ६ डिसेंबरच्या आसपास पिल्लं. हे एवढं साधं गणित आहे पण नर-मादी कायम एकाच पिंजऱ्यात असले की तारीखच कळत नाही, आणि तारीख कळली नाही की खोकं वेळेवर ठेवलं जात नाही, आणि इथूनच पहिलं वेत जातं. माझं पण असंच गेलं. सकाळी उठून बघते तर जाळीवर सहा पिल्लं इकडं एक तिकडं एक, गार दगडासारखी पडलेली, गुलाबी बोटभर अंग, अंगावर केस नाही, आणि कापशी कोपऱ्यात बसलेली. मला वाटलं आईनं टाकून दिली. तसं नव्हतं. सशाची आई मांजरीसारखं पिल्लू तोंडात धरून परत जागेवर आणत नाही, तिला ते जमतच नाही. पिल्लू घरट्याबाहेर गेलं की गेलं, थंडीनं दोन-तीन तासात संपतं.

तर पहिल्या रात्री बाहेर सापडलेली पिल्लं म्हणजे खोक्याचा प्रॉब्लेम. खोकं दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पुरतं मध्यम जातीच्या मादीला. पुढची बाजू सहा इंच ठेवा म्हणजे आई उडी मारून आत जाईल पण दूध पिता पिता थानाला लटकलेलं पिल्लू तिच्यासोबत बाहेर ओढलं जाणार नाही. फार मोठं खोकं पण नको, मोठ्या खोक्यात पिल्लं पसरतात आणि एकमेकांची ऊब मिळत नाही. आत वाळलेलं मऊ गवत भरपूर, मी बांधावरचं मारवेल वाळवून ठेवते. गोणपाट अजिबात घालू नका, मी घातलं होतं, त्याचा एक धागा पिल्लाच्या मागच्या पायाला गुंडाळला गेला आणि पाय काळा पडला, ते पिल्लू वाचलं नाही. भुसकट पण नको, धूळ फार असते. आणि खोकं दहा-पंधरा दिवस आधी ठेवू नका, मादी त्यालाच संडास करून टाकते आणि मग त्या ओल्या घाणीत वितच नाही, बाहेर विते. २८वा दिवस म्हणजे २८वा दिवस.

त्याच दिवशी नर वेगळा, आधीच वेगळा असेल तर उत्तमच. कारण मादी व्याल्यावर काही तासातच परत गाभण राहू शकते, मग पोटात पिल्लं आणि अंगावर पिल्लं असं दोन्ही एकदम, तिची हाडं निघतात अगदी.

आता दुसरं, सगळ्यात जास्त लोक हेच विचारायलेत, आईनं पिल्लं खाल्ली. हे बघून माणूस हादरून जातो आणि मग सासूबाई पासून शेजारपाजारपर्यंत सगळे म्हणतात की ही मादी वाईट आहे, हिला रक्ताची चटक लागली, काढून टाका. माझ्या बदामीला पण असंच म्हणले. पण विताना मादी वार खाते, पिल्लू चाटून साफ करते, पहिलटकरीण असली की त्या गडबडीत कान नाहीतर पाय चावला जातो, आणि मेलेलं पिल्लू असेल तर ते खाऊन जागा साफ करते. जंगली सवय आहे ती, वासानं मुंगूस-साप येऊ नये म्हणून. सगळीच्या सगळी खाल्ली तर मात्र दोनच गोष्टी बघा, ती घाबरली होती का आणि तिला पाणी होतं का.

पाण्याचं मला फार उशिरा कळलं. आमच्याकडं बोअरचं पाणी, इतकं खारट की बादलीला पांढरा थर बसतो. पिंजऱ्याला निप्पलची बाटली लावली होती, म्हणजे तोंडाशी बारीक गोळी असते, ती ढकलली की पाणी येतं, बाटली भरलेली दिसायची म्हणून मी निवांत. बदामीनं पिल्लं खाल्ली त्या दिवशी दुपारी सहज बोटानं निप्पलची गोळी दाबून बघितली तर हलेचना. खारानं चिकटून बसलेली. म्हणजे बाटली भरलेली दिसायली कारण त्यातनं एक थेंब बाहेर येत नव्हता, किती दिवसापासून देव जाणे. मादी विताना लई तहानलेली असते, आणि दूध पाजणारी मादी दिवसाला लिटरभर पाणी पण पिऊ शकते. त्या बिचारीला काय दोष द्यायचा. आता मी रोज सकाळी गोळी दाबून थेंब बोटावर आल्याशिवाय पुढं जात नाही, आठवड्याला निप्पल व्हिनेगरमध्ये बुडवून धुते, आणि विण्याच्या आठवड्यात जड मातीचं भांडं भरून वेगळं ठेवते, सांडत नाही आणि पाणी पण गार राहतं. ज्यांच्याकडं बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी आहे त्यांनी हे आजच बघा, वाचून झाल्यावर उठून बघा.

घाबरण्याचं म्हणाल तर कुत्रं पिंजऱ्याभोवती फिरणं, मांजर, घूस, दिवाळीचे फटाके, लग्नाचा डीजे, आणि आपली माणसं. व्याली म्हणून गल्लीतली सगळी लेकरं बघायला येतात, मोबाईलची बॅटरी लावून फोटो. नका करू देऊ. पहिले चार-पाच दिवस पिंजऱ्यावर सुती कापड टाका आणि घरातल्या एकाच माणसानं, ज्याचा वास तिला रोजचा आहे त्यानंच जवळ जावं. दिवाळीत नाहीतर लग्नसराईत विण्याची तारीख येईल अशा हिशोबानं नर दाखवूच नका, तारीख आपल्या हातात असते.

आणि मुंग्या. हे कोणी सांगत नाही. लाल मुंग्या वारेच्या वासानं खोक्यात चढतात आणि उघड्या अंगाच्या पिल्लांना जिवंत खातात, सकाळी बघणाऱ्याला वाटतं आईनंच खाल्ली. पिंजऱ्याच्या चारही पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आपण दुधा-गुळाच्या भांड्याला ठेवतो तसं.

आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणारी पिल्लं. इथं माझ्या हातून जे झालं ते अजून मनाला लागतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

कापशीच्या दुसऱ्या वेताला सगळं नीट झालं होतं. पाच पिल्लं, खोक्यात, छातीचे केस उपटून त्यांच्यावर छान गादी केलेली. पण दिवसभर बघितलं तर कापशी खोक्याकडं फिरकेना. लांब बसून घास खातेय. दुपार झाली, संध्याकाळ झाली, मला राहवेना. मला वाटलं टाकलं हिनं पिल्लांना. मग गायीचं दूध कोमट करून ड्रॉपरनं पाजलं. दोघांच्या नाकातनं दूध बाहेर आलं आणि ती दोघं रात्रीतच गेली, श्वासात दूध गेलं त्यांच्या. बाकीची फुगली आणि चौथ्या दिवशी गेली. आणि कापशीनं त्यांना टाकलेलंच नव्हतं हो. ससा पिल्लांना चोवीस तासात एकदा नाहीतर दोनदाच पाजतो, बहुतेक पहाटे नाहीतर रात्री, आणि ते पण तीन ते पाच मिनिटं. बाकी दिवसभर मुद्दाम लांब बसते, जवळ राहिली तर शिकाऱ्याला घरटं कळेल. कोंबडीसारखी पिल्लावर बसून राहत नाही. तिचं दूध इतकं घट्ट असतं की तेवढं पुरतं, गायीच्या दुधात फॅट ४ टक्क्याच्या आसपास तर हिच्या दुधात १२च्या आसपास, म्हणून गायीच्या दुधावर ही पिल्लं जगवणं फार अवघड.

मग पाजलं की नाही कसं ओळखायचं? आईकडं बघू नका, पिल्लाच्या पोटाकडं बघा. रोज सकाळी एकदा, आईला बाहेर घास टाकून, हात तिच्याच अंगावर फिरवून वास लावून घ्यायचा आणि केसांची गादी हळूच बाजूला करायची. पाजलेल्या पिल्लाचं पोट टम्म गोल असतं आणि पातळ कातडीतनं दुधाचा पांढरा पट्टा चक्क दिसतो. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतलेली, पोट आत गेलेलं, आणि हात लावला की वर उसळी मारतं. एकदा बघितलं की परत चुकणार नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते हे पाळीव सशाच्या बाबतीत खरं नाही, तुमच्या हाताची तिला सवय असेल तर ती काही करत नाही. उलट रोज न बघितल्यानंच नुकसान होतं, मेलेलं एखादं आत राहिलं की सगळं खोकं नासतं.

पोटं खरंच रिकामी दिसली, सलग दोन सकाळी, तर आईला खोक्यात बसवा आणि पाठीवर हात ठेवून दहा मिनिटं शांत धरून ठेवा, सकाळी एकदा संध्याकाळी एकदा. पिल्लं स्वतःच थान शोधतात, त्यांना शिकवावं लागत नाही. दोन-तीन दिवसात बहुतेक माद्या आपल्या आपण पाजायला लागतात. आईचं थान गरम, कडक, लालसर लागलं तर ते थानाचं दुखणं आहे, डॉक्टरकडं न्या, घरगुती लेप लावत बसू नका.

एका जागी दोन माद्या असतील तर दोघींना एकाच दिवशी नर दाखवा. मी आता तसंच करते. एकीला दूध कमी पडलं नाहीतर आठ-नऊ पिल्लं झाली तर दोन-तीन दुसरीच्या खोक्यात मिसळते, केसांमध्ये थोडं चोळून, आणि दोघींची पिल्लं दोन-तीन दिवसाच्या फरकातली असली की ती आपलीच समजून पाजते. बदामीनं कापशीची तीन अशीच वाढवली. आठ थानाच्या मादीला आठच्या वर पिल्लं झेपत नाहीत.

गार पडलेलं पिल्लू सापडलं तर लगेच मेलं म्हणून टाकू नका. आधी ऊब द्या. कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, नाहीतर सरळ तळहातात धरून पोटाशी. मी एकदा पाऊण तास धरून बसले होते, काहीच हालचाल नव्हती, आणि मग तोंड उघडून जांभई दिल्यासारखं केलं त्यानं, जीव भांड्यात पडला माझा. पूर्ण गरम झाल्यावरच आईपाशी, गार अंगात दूध पचत नाही.

दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. तेराव्या दिवशी पण चिकटलेले असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्याचा कापूस फिरवून हळूच पुसायचं, सोडून दिलं तर आत पू होऊन डोळा जातो. हे छोटं काम आहे पण विसरू नका.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पळती खेळती पिल्लं एकदम मरायला लागली, मागची बाजू ओली, हगवण, तर बहुतेक खाणं एकदम बदललेलं असतं नाहीतर कॉक्सिडियाचा, म्हणजे आतड्यातल्या बारीक परजीवी जंतूंचा त्रास असतो. यात घरगुती काही नाही, एका दिवसात पिल्लू जातं, लेंडी घेऊन जनावराच्या डॉक्टरकडं जा. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, जवळ असेल तर तिथं न्या, गावातल्या डॉक्टरांना गायी-म्हशींचाच सराव जास्त असतो. आणि एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका, घरातलं माणसाचं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाला तोंडानं कधीच देऊ नका. त्याच्या आतड्यातले कामाचे जंतू मरतात आणि ससा त्यातच जातो, मग आजारानं गेला म्हणायला आपण मोकळे.

खाण्याचं थोडक्यात, लसूणघास, मारवेल, वाळलेलं गवत भरपूर. गाभण मादीला कोवळी ज्वारी टाकू नका, गुरांना जशी किराळ लागते तसं विष त्यात असतं, ते सशाला पण सोसत नाही. सुबाभूळ पण रोज नको, केस गळतात. पिल्लं आईपासून सहा आठवड्यानंतर तोडा, आणि तोडताना आईला दुसरीकडं न्या, पिल्लं आहेत त्याच जागी राहू द्या. तीन महिन्याच्या आत नर-मादी वेगळे.

काही जणांचं दुखणं वेगळं आहे, गाभणच राहत नाही. आधी खात्री करा की जोडी ही जोडीच आहे. बाजारात जोडी म्हणून दोन नर नाहीतर दोन माद्या सर्रास देतात, लहानपणी ओळखायला अवघड असतं. शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू आणून जोडी लावायचं तर डोक्यात पण आणू नका, ते जनावरच वेगळं, पाळीव सशाशी त्याचं वेत होत नाही, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे. नंतर, मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, उलटं नाही, मादी आपल्या जागेत नराला ओरबाडते. काही सेकंदाचं काम असतं, नर बाजूला धाडकन पडतो तेव्हा समजायचं झालं. ससा गायीसारखा ठरलेल्या दिवशी माजावर येत नाही, नर लागल्यावर साधारण दहा तासांनी बीज सुटतं, म्हणून आठ-दहा तासांनी परत एकदा दाखवलं तर चांगलं. मादी सहा महिन्याच्या आत नको, आणि लठ्ठ मादी पण राहत नाही.

एवढं सगळं करून पण जून-जुलैमध्ये राहत नसेल तर दोष नराचा आणि आपल्या उन्हाचा. इकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो आणि ३०च्या वर बरेच दिवस राहिलं की नराचं बीज निकामी होतं. पाऊस पडला, गार झालं, तरी पुढचे दोन महिने ते भरून येत नाही. लोक जूनमध्ये नर दाखवतात आणि मादीला वांझ ठरवतात. गब्ब्याला पहिल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत कोणी गाभण राहिलं नाही. आता मार्चपासून त्याला सासूबाईंच्या जुन्या माळवदाच्या खोलीत ठेवते, मातीच्या भिंती, दुपारी पण आत गारवा, जमिनीवर ओलं पोतं. मागच्या वर्षी सप्टेंबरलाच पहिल्याच फटक्यात दोघी राहिल्या. ज्यांच्याकडं माळवद नाही त्यांनी कडुलिंबाखाली नाहीतर घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, पत्र्याखाली नको. आणि नर दाखवायचं सप्टेंबर ते जानेवारीच ठेवा, म्हणजे पिल्लं उन्हाच्या आधी मोठी होतात.

सतराव्या-अठराव्या दिवशीच मादी केस उपटून घरटं करायला लागली तर ते खोटं गाभणपण, घाबरायचं नाही, आठवडाभरात शांत होते, मग परत नर दाखवा. दोन माद्या एकत्र असल्या आणि एक दुसरीवर चढली तरी होतं असं. उलट ३३वा दिवस उलटला आणि व्याली नाही तर मात्र थांबू नका, पिल्लं एक-दोनच असली की मोठी होऊन अडकतात, डॉक्टरच लागतो.

पहिलं वेत गेलं म्हणून मादीला बाद करू नका, पहिलटकरणीचं जातं बऱ्याचदा. सगळं नीट करून पण तीनदा गेलं तर मग तिला परत नर दाखवू नका, नुसती सांभाळा. आणि नर दाखवायच्या आधी पिल्लं कोणाकडं जाणार ते ठरवा, एका वेळेला सहा-आठ होतात, मी तर आधी नावं लिहून घेते.

कापशीचा आज २९वा दिवस आहे. काल खोकं ठेवलं, आज सकाळपासून तोंडात गवताची मोठी जुडी धरून आत-बाहेर करायली, मिशीसारखं दोन्ही बाजूनं गवत बाहेर. छातीचे केस अजून उपटले नाहीत. मातीचं भांडं भरून ठेवलंय, निप्पलची गोळी बघितली, वाट्यांमध्ये पाणी घातलं, पिंजऱ्यावर कापड टाकलंय आणि मुलाला सांगितलंय की तीन दिवस मित्र घरी आणायचे नाहीत.